गाणाऱ्या बाईचं नाव काय?



शेळ्यांच्या लसीकरणावरचा कार्यक्रम झाला आणि केंद्राचा फोन वाजायला लागला. आम्हाला वाटलं, लसीचेच प्रश्न असणार. तसे काही होतेही. पण निम्म्याहून जास्त जणींनी भलतंच विचारलं. गटाची बैठक होते, हप्ते गोळा होतात, वही लिहून होते, मग आम्ही तासभर बसतो. मालिकांचा वीट आलाय, बघण्यासारखं काहीतरी सांगा. तर आज लस नाही, कर्ज नाही. आज सिनेमा.

त्यातही गाणाऱ्या माणसांवरचे सिनेमे आणि माहितीपट. माहितीपट म्हणजे ज्यात नटनट्या नसतात, ज्याची गोष्ट तोच माणूस पडद्यावर येऊन बोलतो. आम्ही सहाजणी मिळून महिन्यातून एकदा समाजमंदिरात असं काहीतरी लावतो. पडदा म्हणजे घडी मोडलेली पांढरी चादर, प्रोजेक्टर शाळेचा आणि स्पीकर भजनी मंडळाचा. दोन वर्षांत बरंच पाहून झालं. त्यातलं जे मनात राहिलं तेवढंच सांगतो.

सगळ्यात जास्त गलका झाला तो एका अमेरिकेतल्या माहितीपटावर. इंग्रजी आहे म्हणून आधी बायका उठायला निघाल्या होत्या. त्याचं नाव ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’, साल २०१३, दिग्दर्शक मॉर्गन नेव्हिल. नावाचा अर्थ असा, की मुख्य गायक पुढं उजेडात उभा असतो आणि या बायका त्याच्यापासून वीस फुटांवर, मागं. आपल्याकडं त्यांना शब्द आहे. पोवाड्यात, गोंधळात मागं उभं राहून झील धरतात ते झीलकरी. शाहिराचा दम संपतो तिथं झीलकरी सूर उचलतो, म्हणून तर पोवाडा उभा राहतो. पण बिदागीच्या वेळी हार कुणाच्या गळ्यात पडतो, ते तुम्हाला माहीत आहे.

या सिनेमातल्या बहुतेक झीलकरणी काळ्या अमेरिकन बायका आहेत. बऱ्याच जणी पाद्र्यांच्या घरातल्या, चर्चमध्ये गाऊन गळा तयार झालेल्या, जशा आपल्याकडं भजनात तयार होतात. त्यातली एक डार्लीन लव्ह. १९६२ साली तिनं गायलेलं एक गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. घराघरात वाजलं. तबकडीवर मात्र तिचं नाव नव्हतं. निर्मात्यानं ते ‘द क्रिस्टल्स’ नावाच्या दुसऱ्याच मुलींच्या गटाच्या नावावर काढलं. ज्या दिवशी हिनं गायलं, त्या दिवशी त्या मुली हजारो किलोमीटर लांब न्यूयॉर्कला होत्या. पुढं गाण्याचं काम मिळेना, तेव्हा डार्लीन लोकांच्या घरी साफसफाईला जाऊ लागली. एकदा एका घरात बाथरूम साफ करताना रेडिओवर नाताळचं गाणं लागलं, आणि तो तिचाच आवाज. इथं समाजमंदिरात एकदम शांतता झाली. धुणीभांडी करायला तालुक्याला जाणाऱ्या आमच्याकडं चौघी आहेत.

दुसरी मेरी क्लेटन. १९६९ साली एका रात्री तिला फोन आला, इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या प्रसिद्ध वाद्यवृंदासाठी तातडीनं गायला ये. ती गरोदर होती, केसांना कर्लर लावलेले, अंगावर झोपायचे कपडे. तशीच गेली आणि असं गायली, की त्या गाण्यात आजही मुख्य गायकाच्या आधी तिचा आवाज कानात राहतो. तबकडीवर तिचं नाव छापलं, पण चुकीचं. मेरीची ‘मॅरी’ झाली. आमच्यातली एक पटकन म्हणाली, “माझ्या आधार कार्डासारखंच!”

या सिनेमाला २०१४ साली ऑस्कर मिळालं. तेव्हा मंचावर डार्लीन भाषण करायचं सोडून गायला लागली, आणि लोक उभे राहिले. तिचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं होतं.

पण या सिनेमातली आम्हाला जास्त गुंतवून ठेवणारी बाई वेगळीच, लिसा फिशर. तिला स्वतःच्या नावावरच्या गाण्यासाठी मोठा ग्रॅमी पुरस्कार मिळाला होता. म्हणजे पुढं उभं राहायची वाट मोकळी होती. तरी ती परत मागं गेली, झील धरायला, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही. आमच्यात यावरून दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, बायकांना मागं राहायची सवयच लावलेली असते, तिथंही तेच. दुसरी बाजू म्हणाली, प्रत्येकीनं पुढंच यावं हा तरी कुणाचा हट्ट? वाद अजून मिटलेला नाही.

तो सिनेमा बघून परत जाताना मात्र सगळ्या एकाच गोष्टीवर बोलत होत्या. दीड वर्षापूर्वी गाडी घेऊन दोघं आले होते. आमच्या गटातल्या एका काकूंच्या दहा-बारा ओव्या त्यांनी जात्यावर बसवून मोबाइलवर घेतल्या. काकूंनी चहा केला, वर भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या. दोन महिन्यांनी तेच गाणं लेकीच्या मोबाइलवर आलं. काकूंचा चेहरा नव्हता, फक्त फिरणारा हात. खाली लिहिलेलं ‘पारंपरिक’, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात त्या आलेल्या माणसाचं नाव. पारंपरिक हा शब्द चांगला आहे, मैत्रिणींनो, पण कधी कधी तो झाडूसारखा वापरतात. ज्या ओव्या काकूंनी लेकरू गेलं तेव्हा स्वतः जोडल्या, त्याही त्या झाडूखाली गेल्या. काकूंना त्याचं फारसं काही वाटलं नाही. “ओवी कुठं विकायची चीज हाय,” म्हणाल्या. वाईट आम्हालाच वाटलं.

याच्या उलटं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि ते फुकट बघता येतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात राहिलेले गी पॉइटवाँ यांनी आपल्या साथीदारांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, एक हजाराहून जास्त गावं. आता तो ठेवा ‘परी’ या ग्रामीण भारताबद्दलच्या संकेतस्थळावर आहे, तिथं मराठीतही वाचता येतं. आवाज ऐकता येतो, काही ठिकाणी गाणाऱ्या बायकांच्या छोट्या चित्रफितीही आहेत. पाच-दहा मिनिटांच्या असतात, बैठकीनंतर बघायला अगदी सोयीच्या. आणि खाली काय असतं? गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली असाच नोंदला गेला. तो ऐका. जात्याची घरघर नसली तरी त्या आवाजात ती ऐकू येते. एका ओवीच्या शेवटी त्या सूर असा सोडतात, की पुढची ओवी येईपर्यंत आपणच श्वास धरून बसतो.

मग आम्ही ठरवलं, आपल्या रेडिओवर जी गाईल तिचं नाव, माहेर, सासर सांगायचं. ठरवणं सोपं होतं. पहिल्याच आठवड्यात एका आजींनी सासुरवासाच्या ओव्या गायल्या, अशा की ऐकणारीच्या पोटात कालवावं. आम्ही नाव विचारलं तर हात जोडले. म्हणाल्या, “नाव नगं गं बाई. सून ऐकतीया. तिला वाटंल माझ्यावरच रचलं.” आम्ही म्हटलं, आजी, सासुरवास तुम्ही सोसला, सुनेनं कशाला मनावर घ्यावं? तर त्या हसल्या नुसत्या. काय समजायचं ते समजून आम्ही त्या ओव्या बिननावाच्या लावल्या. तेव्हापासून आमचा नियम थोडा बदलला. नाव लावायचंच, असं नाही; विचारायचंच, असं आहे. गाण्याआधी एकदा आणि गाणं ऐकवून झाल्यावर पुन्हा एकदा. कारण आपलाच आवाज यंत्रातून ऐकला की बाईचं मन बदलतं, असा आमचा अनुभव आहे. कधी नको म्हणणारी हो म्हणते, कधी उलटं.

नावाचीच गोष्ट निघाली आहे, तर बनारसच्या रसूलनबाईंची सांगायला हवी. सबा दीवान या दिग्दर्शिकेचा २००९ सालचा माहितीपट आहे, ‘द अदर साँग’. कोठ्यावर गाणाऱ्या तवायफांवरचा. रसूलनबाई ठुमरीतल्या फार मोठ्या गायिका. त्यांची एक ठुमरी सगळ्या देशाला पाठ. पण १९३५ साली त्यांनी तीच ठुमरी एका ग्रामोफोन तबकडीसाठी एक शब्द वेगळा ठेवून गायली होती. सगळ्यांना माहीत असलेल्या ठुमरीत घाव काळजावर आहे. त्या तबकडीत तो तरुण बाईच्या छातीवर होता. मग हा शब्द गेला कुठं? पुन्हा कधी तो का गायला गेला नाही? दिग्दर्शिका त्या एका शब्दाच्या मागं बनारस, लखनौ, मुजफ्फरपूर अशी फिरते, म्हाताऱ्या गायिकांच्या दारात बसते.

हळूहळू कळत जातं, की शब्द एकटा गेला नाही. स्वातंत्र्याच्या आसपास गाणं ‘सभ्य’ करायची मोहीम निघाली. गाणं ठेवायचं, गाणारी बदलायची. आकाशवाणीवर अशा बायकांना मज्जाव करायचं धोरण आलं. घरंदाज म्हणवून घ्यायला अनेकींनी नावापुढचं ‘बाई’ काढलं आणि ‘देवी’ लावलं. आकाशवाणीच्या भिंतीवर गायिकांच्या तसबिरी बघून रसूलनबाई म्हणाल्या होत्या, की सगळ्या बाया देवी झाल्या, मी एकटीच बाई राहिले, असा किस्सा सांगितला जातो. आपल्याकडं ‘बाई’ हा मानाचा शब्द. शाळेतल्या बाई, मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई. त्यांच्याकडं त्याच शब्दाला डाग लावला गेला. रसूलनबाईंना १९५७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तरीही म्हातारपण हलाखीत गेलं. १९७४ साली त्या गेल्या.

हा माहितीपट हळू चालतो. लहान मुलं सोबत असतील तर लावू नका, ती कंटाळतात आणि मग आपल्यालाही बघू देत नाहीत. आणि विषय काढल्यावर गावात कुजबुज होईल, तिची तयारी ठेवा. आमच्याकडं झाली. आता सगळे विसरले.

असाच आपल्याकडचा विषय लावणीचा. ‘चंद्रमुखी’ हा २०२२ सालचा मराठी सिनेमा तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला असेल. विश्वास पाटील यांच्या कादंबरीवरचा, अमृता खानविलकर त्यात आहे, अजय-अतुलचं संगीत. बघायला देखणा आहे, गाणी झकास आहेत, एकदा बघायला हरकत नाही. पण चंद्रमुखी ही शेवटी एका पुढाऱ्याच्या आयुष्यात आलेली बाई म्हणूनच दिसते, तिच्या घरचा चुलीपाशीचा हिशोब दिसत नाही. तो बघायचा असेल तर सावित्री मेधातूल यांचा ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट मिळवा. त्यात संगीतबारीतल्या बायका स्वतः बोलतात. नाच, पैसा, मुलांची शाळा, म्हातारपण, सगळ्यावर. आणि बोलतात त्या ठसक्यात. दया मागायला कुणी बसलेलं नाही.

‘मी वसंतराव’ हाही २०२२ सालचाच. पंडित वसंतराव देशपांडे यांच्यावरचा, त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनीच काम केलंय आणि गायलंयही. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी. लांबी जवळपास तीन तास आहे, त्यामुळं संध्याकाळचा स्वयंपाक उरकूनच बसा. गाणाऱ्या पुरुषाची गोष्ट आहे. लष्कराच्या हिशोब खात्यात नोकरी करत करत गाणं सांभाळलं, खरं नाव झालं तेव्हा वय निघून चाललं होतं. पण आम्हाला विचाराल तर तो सिनेमा त्यांच्या आईचा आहे. नवऱ्याचं घर सोडून, मुलाला घेऊन नागपुरात राहिलेली, त्याचा गळा ओळखलेली बाई. ते काम अनिता दातेनं केलंय. ही आई मुलासाठी डोळे पुसत बसत नाही, वेळ पडली तर त्याला चार शब्द सुनावते. आमच्यातल्या एका एकट्या राहणाऱ्या बहिणीनं हा सिनेमा दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा मुलाला शेजारी बसवून.

आता नागालँडला चला. लांब आहे, म्यानमारच्या सीमेजवळ, डोंगरात. तिथं फेक नावाचं गाव आहे, साधारण पाच हजार वस्तीचं. अनुष्का मीनाक्षी आणि ईश्वर श्रीकुमार या दोघांनी त्या गावावर २०१७ साली ‘अप डाउन अँड साइडवेज’ हा माहितीपट काढला. डोंगरउतारावर खाचरं, त्यात भात, आणि पिकवायचं ते घरी खाण्यासाठीच. लोक गट करून एकमेकांच्या शेतात काम करतात. चिखलणी, लावणी, कापणी, मग पोती पाठीवर घेऊन उभा चढ. आणि सगळं करताना गातात. त्या गाण्यांना ‘ली’ म्हणतात. वाद्य एकही नाही. इकडून दोघी सूर टाकतात, तिकडून चौघं तो वेगळ्याच उंचीवर झेलतात, आणि त्या सुरांच्या तालावर कुदळ पडते.

बघताना समाजमंदिरात आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका सावरून बसल्या. त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. ही तर सावड! आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. आणि गाणं म्हणजे भलरी. एकजण सांगायची, बाकीच्यांनी उचलायची, कुणी मागं पडली तर सुरानंच तिला ओढून घ्यायची. आमच्याकडं सावड मोडली त्याला बरीच वर्षं झाली. मजुरी रोख झाली, ट्रॅक्टर आला. तिकडं मजुरीत जी सुटका झाली ती खरी आहे, ती कुणी नाकारत नाही. दुसऱ्याच्या शेतात फुकट राबल्याच्या कडू आठवणीही सावडीत होत्या. मोठ्याच्या शेतात आधी आणि गरिबाच्या शेतात पाऊस गेल्यावर. पण भलरी त्याबरोबर गेली. ती सिनेमा संपल्यावर एका मावशींनी अंधारातच सुरू केली, आणि तिघी-चौघींनी नकळत उचलली. शब्द निम्मे आठवत नव्हते. आम्ही यंत्र सोबत नेलं नव्हतं, त्यामुळं ती नोंदायची राहिली. पुढच्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन बसणार आहोत.

या सिनेमात कुण्या एकीचं नाव लक्षात राहत नाही, आणि ते खटकतही नाही. कारण तिथं गाणं खरोखरच सगळ्यांचं आहे, शेतासारखं. ‘पारंपरिक’ लिहून कुणाचं तरी पुसायचं, आणि सगळ्यांचं आहे म्हणून सगळ्यांना दाखवायचं, यातला फरक तो पाहिल्यावर आम्हाला कळला.

थोडं बघण्याच्या सोयीबद्दल. भाषा येत नाही म्हणून थांबू नका. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती वाचून मराठीत सांगायला कॉलेजला जाणारी एखादी मुलगी बसवा. आमच्याकडं दोघी आळीपाळीनं सांगतात, आणि मध्येच थांबवून ‘म्हणजे काय’ विचारायची सगळ्यांना मुभा आहे. त्यात सिनेमा दीडपट लांबतो. लांबू द्या. लाइट जायची वेळ बघून दिवस ठरवा, आणि मोबाइलवर बघणार असाल तर एका मोबाइलभोवती पाचपेक्षा जास्त जणी बसू नका, मान धरते. जुने माहितीपट सहज हाती लागत नाहीत. तालुक्याच्या कॉलेजात मराठी किंवा समाजकार्य शिकवणारे प्राध्यापक असतील त्यांना विचारा, बऱ्याचदा तिथून वाट निघते. कुणी चोरून उतरवलेली प्रत विकायला आणली तर घेऊ नका. गाणाऱ्या बाईचं नाव पुसलं म्हणून आपण इतका वेळ बोललो, तेव्हा सिनेमा करणाऱ्याचे पैसे आपणही बुडवायला नकोत.

आमच्या समाजमंदिरात आता पाळी आहे ‘जय भीम कॉम्रेड’ची. आनंद पटवर्धन यांचा २०११ सालचा माहितीपट, चौदा वर्षं खपून केलेला. १९९७ सालच्या जुलैमध्ये मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. ते दुःख सहन न होऊन शाहीर विलास घोगरे यांनी काही दिवसांनी जीव दिला. तिथून सिनेमा सुरू होतो आणि गाण्यांच्या मागं मागं वस्त्यांमध्ये शिरतो. पुढं पुण्याच्या कबीर कला मंचाची शीतल साठे येते. तिचा आवाज ऐकाल तेव्हा ऐकाल, पण तिच्या आईशी दिग्दर्शक बोलतात तो भाग चुकवू नका. लेक गाते, लोक डोक्यावर घेतात, आणि आईच्या मनात काय चाललेलं असतं ते त्या बाईच्या चेहऱ्यावर सगळं आहे.

आमच्यातल्या एक-दोघींनी विचारलं, हा लावला तर गावात भांडण होईल का? आम्ही गटात त्यावर दोन बैठका घालवल्या. काहींचं म्हणणं, आपण बचत गट, आपल्याला कशाला. ज्यांच्या वस्तीची ही गोष्ट आहे त्या आपल्याच गटात बसून हप्ते भरतात, असं दुसरीकडून उत्तर आलं, आणि ते देणाऱ्या बहिणीनं पुढं सांगितलं, की तिच्या घरी भीमगीतं गाणारे आजोबा होते आणि त्यांची एक वही अजून पेटीत आहे. ती वही आजवर आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. शेजारी राहतो आम्ही. तर सिनेमा लागणार, आणि त्याआधी ती त्या वहीतलं एखादं गाणं म्हणणार, असं ठरलंय. आजोबांचं नाव सांगून.

सिनेमा तीन तासांहून मोठा आहे, म्हणून दोन संध्याकाळी मिळून दाखवू. येत्या गुरुवारी आणि शुक्रवारी, बाजार उठल्यावर, सातला. शेजारच्या गावच्या गटांनीही यावं. सतरंज्या कमी पडतात, तेव्हा येताना बसायला काहीतरी आणा. गुरुवारी शाळेचा प्रोजेक्टर मिळाला नाही तर शनिवार-रविवार करू. ते बुधवारच्या कार्यक्रमात सांगतो.